सिनेगॉगमधलं वर्ष : मलिदा, सुक्का आणि दहा माणसं

तुमच्या ऑफिसातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या मैत्रिणीने तुम्हाला सहकुटुंब सिम्हाथ तोराच्या सणाच्या संध्याकाळी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थानात बोलावलं आहे. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात : तिथे वर्षभर काय चालतं, इतक्या थोड्या लोकांत ते चालतं कसं, आणि आपण परक्यांनी जावं का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. जरूर जा, मुलांना घेऊन जा. वर्षातली सगळ्यात आनंदाची संध्याकाळ निवडून तिने बोलावलंय. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल. मी बरीच वर्षं सिनेगॉगच्या कमिटीवर काम केलंय, हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आजारी असला की तेब्यावर, म्हणजे मधल्या व्यासपीठावर उभा राहून प्रार्थनाही चालवतो, तेव्हा आतून जे दिसतं तेच सांगतो.

सुरुवात एका गोष्टीपासून करायला हवी, कारण ती ठाऊक नसेल तर आमचे सण अर्धेच कळतात. आमच्याकडे सण आधी आले आणि सिनेगॉग कितीतरी नंतर. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमकर ही आडनावं त्या गावांचीच. या सगळ्या काळात त्यांच्यापाशी ना सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी होती, ना प्रार्थनेचं पुस्तक, ना प्रार्थनेसाठी वेगळी इमारत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस होता, आठव्या दिवशीची सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते आणि 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', ही एक ओळ होती. दुःखात, आनंदात, जेवणाआधी, सगळीकडे तीच म्हणायची.

पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते १७९६ साली, मुंबईत मांडवीला. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले. टिपूच्या कैदेत पडले तेव्हा, सुटलो तर प्रार्थनास्थान बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्या इमारतीचं नाव शाआर हाराहामीम. जुनी माणसं तिला आजही 'जुनी मशीद' म्हणतात आणि तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी हजान आणि शिक्षक म्हणून येऊन पाठ शिकवले, हिब्रू वाचायला शिकवलं. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण असं करत एकोणिसाव्या शतकात कोकणात सिनेगॉगं उभी राहिली. ठाण्याचं शाआर हाशामाईम १८७९ चं. पुण्याचं लाल देऊळ, भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू ही ससून घराण्याने बांधलेली, बगदादी यहुद्यांची. ती भव्य आहेत, फोटोत तीच दिसतात. पण मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं रोजचं जगणं पाहायचं असेल तर ठाण्यासारखी, गल्लीतल्या शेजाराला चिकटून असलेली जागाच बरी.

त्यामुळे आमच्या बहुतेक सणांना दोन थर आहेत. एक घरातला, जुना, मराठी नावाचा. दुसरा सिनेगॉगमधला, पुस्तकातून आलेला, हिब्रू नावाचा. रोश हाशाना, आमचं नववर्ष, म्हणजे जुन्या बायकांचा 'नव्याचा सण', योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे 'दारफाळणीचा सण', पुरीम म्हणजे 'होळीचा सण'. काही सण पुस्तकं येईपर्यंत आमच्याकडे नव्हतेच. हनुक्का त्यांतलाच एक. आणि एक सण असा, जो जगात दुसऱ्या कुठल्या यहुद्यांकडे नाही, तो म्हणजे तिश्री महिन्याच्या, म्हणजे नववर्षाच्या महिन्याच्या चौथ्या दिवशीचा 'खिरीचा सण'. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग खायची. सिनेगॉगच्या पंचांगात तो नाही. पण मला विचाराल तर बेने इस्रायली धर्म कोकणातल्या स्वयंपाकघरांनी कसा जपला, हे त्या एका वाटीत कळतं. आजकाल फार थोड्या घरांत तो होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मराठी माणसाला आमचं वर्ष सहज कळतं. महिने चंद्राचे, ऋतू चुकू नये म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना. म्हणून आमचे मोठे सण तुमच्या ओळखीच्या तिथींना येतात. २०२४ मध्ये रोश हाशाना ३ ऑक्टोबरला होता, त्याच दिवशी घटस्थापना. दहाव्या दिवशी किप्पूर, त्याच दिवशी दसरा. मांडवांचा सण सुक्कोथ कोजागिरीच्या पौर्णिमेला, पुरीम होळीच्या, इजिप्तमधून सुटकेचा सण पेसाह चैत्री पौर्णिमेला. अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वर्षी आला की महिन्याचा फरक पडतो. २०२३ मध्ये आमचं नवं वर्ष सप्टेंबरच्या मध्यात झालं आणि नवरात्र बसलं महिनाभराने. दिवस मात्र सूर्यास्तापासून मोजायचा. कॅलेंडरवर शनिवार लिहिलेला सण शुक्रवारी दिवेलागणीलाच सुरू झालेला असतो. पहिल्यांदा येणारे पाहुणे इथेच चुकतात आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या अंगणात उभे राहतात.

आता वर्ष कसं फिरतं ते पाहू. एलुल महिना लागला की पहाटे सलिहोथ सुरू होतात, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. उजाडायच्या आत माणसं जमतात, त्यांतली निम्मी तिथूनच कामाला जातात. त्यानंतर रोश हाशाना. त्या सकाळी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकतात. ते फुंकणं सोपं नाही. ओठांची ताकद, श्वास आणि ठरलेले लांब-तुटक स्वर सगळं जमावं लागतं, म्हणून आम्ही दोन-तीन पोरांना आधीपासून तयार करतो. घरी चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा, त्यात नारळाचा रस आणि साखर घालून तासन् तास घोटायचा. हल्ली पुष्कळ जणी चायना ग्रासवर करतात. तोही चांगला लागतो, पण चिकाच्या हलव्याला जी पकड येते ती त्याला नाही. हलव्यात दूध घालत नाहीत, कारण जेवणात मटण असतं आणि मांस-दूध एकत्र चालत नाही. आमच्या सगळ्या स्वयंपाकाचा भार नारळावर आहे तो या नियमामुळे.

किप्पूरला सिनेगॉग भरतं. वर्षभर न दिसणारी माणसं त्या दिवशी येतात. पंचवीस तासांचा उपास, पाणीसुद्धा नाही, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बायका पांढऱ्या साड्यांत. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाच प्रार्थना, आणि शेवटच्या नेइलाच्या वेळी हेखालचं दार उघडं, सगळे उभे. हेखाल म्हणजे सेफेर तोरा ठेवायचं कपाट. ते पश्चिमेच्या भिंतीत असतं, कारण आपल्याकडून यरुशलेम पश्चिमेला. जुन्या काळी कोकणात हा दिवस दारं लावून घेऊन घरातच पाळत, त्या दिवशी बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', गरिबांना दान आणि एकमेकांच्या घरी जाणं. किप्पूरला पाहुणे बोलावत नाहीत, आणि तुम्हीही स्वतःहून जाऊ नका. तो दिवस बघण्याचा नाही.

किप्पूर संपला की त्याच रात्री सुक्काच्या बांबूंची मोजमापं सुरू होतात. मला स्वतःला वर्षातला हा आठवडा सर्वांत प्रिय आहे. सुक्का म्हणजे सिनेगॉगच्या अंगणातला मांडव. इजिप्तमधून निघाल्यावर पूर्वज रानात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण. छप्पर जमिनीत उगवलेल्या आणि कापलेल्या गोष्टीचंच हवं, आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी आणि रात्री तारे दिसायला हवेत. कापडी ताडपत्री चालत नाही. आपल्याकडे माडाच्या झावळ्या लागतात, आणि त्या वेळेवर मिळवणं हे दरवर्षी एकाच्या डोक्याचं काम असतं. परतीचा पाऊस लांबला की झावळ्यांतून पाणी गळतं. तरी वर पत्रा टाकता येत नाही. मग आशीर्वाद म्हणून एक घास आत खायचा आणि जेवण हॉलमध्ये. आतून केळी, संत्री, सफरचंदं, डाळिंबं, पपनसं दोऱ्याने टांगतात. हे काम मुलांचं. स्टूल धरायला एक मोठा माणूस, बाकी सगळं मुलं करतात आणि चार दिवस फळांकडे बघून बोटं चोळत बसतात.

सुक्काच्या या आठवड्यात समाज म्हणजे काय ते कळतं. एरवी प्रार्थनेत पुरुष खाली, बायका वर माडीवर. मांडवात मात्र सगळे एका बाकावर. कुणाचा मुलगा कॅनडाला चाललाय, कुणाच्या आईला डायलिसिस सुरू झालंय, ठाण्यातली कुठली खोली भाड्याने मिळेल, हे सगळं तिथे ठरतं. स्थळंसुद्धा.

आणि त्याच्या शेवटी तुमची संध्याकाळ, सिम्हाथ तोरा. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, चामड्याच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेले. दर शनिवारी एक भाग वाचायचा, वर्षात सगळा संपतो. या सणाला शेवटचा भाग वाचून होतो आणि त्याच बैठकीत पुन्हा 'आरंभी' पासून सुरुवात होते. हेखालमधल्या सगळ्या गुंडाळ्या बाहेर काढतात. आमच्याकडे त्या लाकडाच्या किंवा चांदीच्या उभ्या पेटीत असतात, वरती घुंगरांची चांदीची बोंडं. त्या हातात घेऊन तेब्याभोवती सात फेरे, गाणी म्हणत, नाचत. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर नातवंडं असतात. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटतात. मुंबईत पूर्वी या रात्री एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात असे तरुणांचे घोळके फिरत, मांडवी, उमरखाडी, आग्रीपाडा, जेकब सर्कल करत. आजही बस करून फिरणारे आहेत. कित्येक लग्नं त्या फिरण्यात जुळली.

त्या संध्याकाळी एक गोष्ट पाहून तुम्हाला नवल वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तेब्यावरून मराठीत बोली चालते : हेखालचं दार उघडण्याचा मान, पहिली गुंडाळी उचलण्याचा मान, शेवटचा भाग वाचण्याचा मान. 'पाच हजार एक', 'सात हजार'. हा पैशाचा बाजार नव्हे. वर्षभराचं वीजबिल, शमाशचा, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणाऱ्याचा पगार, रंगरंगोटी यांतला मोठा वाटा त्या बोलीतून येतो, आणि बोली जिंकणारा बहुतेक वेळा तो मान आपल्या म्हाताऱ्या काकांना किंवा नुकत्याच तेरा वर्षांच्या झालेल्या मुलाला देऊन टाकतो. पैसे त्या दिवशी कुणी हातात घेत नाही, सणाला पैशाला हात लावायचा नसतो. नावं लक्षात ठेवतात, नंतर पावती फाडतात.

हनुक्का साधा, आठ रात्रींचे तेलाचे दिवे. पुरीमला एस्तेरचा ग्रंथ वाचतात आणि त्यातल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की पोरं पाय आपटून ते बुडवून टाकतात. त्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत हिंदुस्थानपासून कूशपर्यंतच्या राज्याचा उल्लेख आहे. ती ओळ वाचताना वाचणारा जरा थांबतो आणि मुलं एकमेकांकडे बघतात. घरी पुरणपोळी, कारण दिवस होळीचा. पेसाहला मात्र घर उलटंपालटं होतं. आंबवलेलं धान्य आठ दिवस घरात नको, म्हणून डबे रिकामे, भांड्यांना कल्हई, भिंतींना चुना. जुन्या घरांत बोकडाच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा कागदावर घेऊन दारावर लावत, इजिप्तमधून सुटकेच्या त्या रात्रीची आठवण म्हणून. जुन्या बायका या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट पाण्याची बरणी झाकून ठेवायचा. बेखमीर भाकरी पूर्वी सिनेगॉगच्या आवारात बायका एकत्र बसून भाजत. पीठ भिजवल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे लाटणारी, टोचणारी, भाजणारी अशी पक्की साखळी लागते. आता बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेली खोकी वाटली जातात. तांदूळ आमच्याकडे चालतो, म्हणून कोकणी माणूस आठ दिवस उपाशी राहत नाही. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या जेवणाच्या रात्री हग्गादा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेची कथा वाचतात, ती मराठीत १८४६ पासून छापलेली आहे. खजुराचा शीरा, म्हणजे पाक, आम्ही घरीच आटवतो, आणि त्या रात्रीबद्दलचे ठरलेले चार प्रश्न घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं. मी तरी ते मराठीतच विचारायला लावतो. मुलाला कळलं पाहिजे ना आपण काय विचारतोय.

आव महिन्याच्या नवमीचा उपास आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं त्याचं सुतक. जमिनीवर बसून विलापगीतं वाचतात, आणि आमच्याकडे त्याचं नाव 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मोड आलेल्या वालांचं बिरडं ताटात. तुमच्या घरी श्रावणात बिरडं होतच असेल.

आता मलिदा. हा सण नव्हे, पण आमच्या समाजाचा जीव त्यात आहे. घर घेतलं, नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, मुलगा सुखरूप परदेशी पोचला, लग्न ठरलं, की एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलियाहू नबीच्या नावाने मलिदा. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, सगळं परातीत कालवायचं, वर पाच प्रकारची फळं, गुलाबाच्या पाकळ्या, वासाला सब्जाची पानं. सगळे भोवती बसतात, एलियाहू हानाबीचं गाणं म्हणतात, झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद, जमिनीतल्या फळासाठी वेगळा, सुगंधासाठी वेगळा. मग ताटं फिरतात. एलियाहू नबी अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे वाटेत अलिबागजवळच्या खंडाळा गावी त्याचा रथ टेकला. तिथल्या खडकावरच्या खुणा दाखवतात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नववर्षाला, मुंबई-ठाण्याहून बसेस भरून लोक तिथे जातात. तुम्हाला कधी जमलं तर ही सहल चुकवू नका.

मलिद्याला काही जण कमी लेखतात, विशेषतः इस्रायलला शिकून आलेली मुलं. ग्रंथात नाही, म्हणतात. त्यांना मी एवढंच विचारतो, पुस्तकं नव्हती तेव्हा आपल्याला यहुदी कशाने ठेवलं? परातीभोवती बसून शेमा म्हणणाऱ्या बायकांनी. हीच गोष्ट कीर्तनाची. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या लोकांनी हरिदासी कीर्तनाच्या धाटणीवर योसेफ, मोशे, एस्तेर यांची मराठी कीर्तनं रचली. साकी, दिंडी, ओवी, टाळ, पेटी, सगळं. आज ती करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, पण आहेत. सिनेगॉगच्या हॉलमध्ये असं कीर्तन लागलं तर मैत्रिणीला सांगून ठेवा, मराठी कान असलेल्या माणसाला त्यातलं सगळं कळतं.

लग्नाबद्दलही सांगतो. मेंदीच्या आदल्या-मागल्या दिवशी मलिदा, आणि लग्न सिनेगॉगमध्ये. नवरा तेब्यावर उभा असतो, पांढऱ्या साडीतली नवरी दारातून येते आणि तो तिच्याकडे बघून स्वतः गाणं म्हणतो. गळा असो नसो, म्हणावंच लागतं, आणि सगळी माडी त्याला साथ देते. मग पेल्यातला द्राक्षरस, अंगठी, केथुबाचं, म्हणजे लग्नाच्या कराराचं वाचन. हा द्राक्षरस काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून घरी करतात. शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे पेल्यावरच्या आशीर्वादालाही तोच.

दुसरा प्रश्न, हे चालतं कसं. १९५० च्या आसपास देशात बेने इस्रायली वीस हजारांच्या घरात होते. इस्रायल झाल्यावर दर दशकात घरंच्या घरं गेली, दिमोना, अश्दोद, बेअरशेबा, लोद इथे. तिथे मराठी बोलणाऱ्यांच्या वसाहती आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. तिथेही सुरुवात सोपी नव्हती. यांना पूर्ण यहुदी मानायचं का, हा वाद १९६४ मध्ये सरकारपातळीवर मिटला. इथे आता सगळे यहुदी मिळून चार-पाच हजार, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाणे-पुण्यात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे लग्नाच्या नोंदणीपासून शिष्यवृत्तीपर्यंत कागदांची कामं थोडी सुकर झाली.

खरी अडचण आकड्यात वेगळ्या ठिकाणी आहे. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की मिन्यान होतो. नऊ असतील तर सेफेर तोरा उघडता येत नाही, आणि मेलेल्या आईबापासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही. आमच्याकडे दीक्षा घेतलेले रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, पूर्वीही नव्हते. हजान प्रार्थना चालवतो, कमिटी कारभार बघते, शमाश दारं उघडतो. ते सगळं भागतं. भागत नाही ते दहावं माणूस. रेवदंडा, पेण यांसारख्या ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली. तिथे सणाला मुंबईहून माणसं न्यावी लागतात, आणि लोक जातात. ठाण्यात मात्र वस्ती मोठी, म्हणून शनिवार सहसा चुकत नाही.

माझं ठाम मत आहे की सिनेगॉग किप्पूरच्या गर्दीवर जगत नाही, पावसाळ्यातल्या साध्या शनिवारी येणाऱ्या दहाव्या माणसावर जगतं. कमिटीत असताना सर्वांत जास्त फोन मी त्यासाठीच केलेत. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आहे, सकाळी साडेआठला या, एवढंच सांगायचं. नोकरदार मुलं शनिवारी सुट्टी मिळत नसतानाही अर्धा दिवस टाकून आलेली मी पाहिली आहेत. असं कुणी आलं की वर माडीवरून बायका पाहतात आणि किद्दूशच्या वेळी त्याच्या बशीत एक करंजी जास्त पडते.

बाकीचा समाज प्रार्थनेबाहेर आहे. एकटे राहणारे वृद्ध, त्यांना सणाचा डबा पोचवायचा. कुणी गेलं तर अंघोळ घालणं, कफन शिवणं, कबरस्तानापर्यंत नेणं, हे भाडोत्री माणसं करत नाहीत, आपली माणसं करतात. त्या घरात सात दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारची घरं आणतात. त्या शेजाऱ्यांत हिंदू, मुसलमान सगळे असतात. मांस आणणार नाहीत, पोळी-भाजी आणतील, कारण त्यांनाही इतक्या वर्षांत नियम माहीत झालेत.

आता तुमच्या जाण्याचं. मैत्रिणीला सांगून तुमची नावं कमिटीला आधी कळवायला सांगा. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाउस या यहुदी केंद्राला लक्ष्य केलं गेलं, तेव्हापासून प्रत्येक सिनेगॉगबाहेर पोलीस असतात. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, बॅगा तपासतील, वाईट वाटून घेऊ नका. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर दाराशी किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी मिळते. बायकांनी पदर किंवा ओढणी घेतली की पुरे. तुम्ही खाली बसाल, पत्नी आणि मुली माडीवर. लहान मुलं दोन्हीकडे पळत असतात, त्यांना कुणी अडवत नाही. आत शिरताना चौकटीला उजव्या बाजूला मेझुझाची, म्हणजे पवित्र वचनं ठेवलेली छोटी डबी दिसेल, आमची माणसं तिला हात लावून तो ओठांना लावतात. तुम्ही केलंच पाहिजे असं नाही. सूर्यास्तानंतर फोन खिशातून काढू नका, फोटो नको, व्हिडिओ तर मुळीच नको. फोटो हवे असतील तर सुक्काचे आदल्या दुपारी काढा, मैत्रीण आनंदाने दाखवेल.

हातात काही न्यायचं असेल तर अख्खी फळं न्या, कापलेली नाहीत, आणि सण सुरू व्हायच्या आधी पोचवा. मिठाई नको, बाहेरच्या स्वयंपाकघरातलं आत चालत नाही. पैशाचं पाकीट तर त्या दिवशी नकोच, देणगी द्यावीशी वाटली तर आठवड्याने कार्यालयात पावती घ्या. भेटल्यावर 'हाग सामेआह' म्हणा, नाही जमलं तर 'सणाच्या शुभेच्छा' चालतं. आम्ही एकमेकांशी मराठीतच बोलतो. फेरे सुरू झाले की कुणीतरी तुमचा हात धरून रांगेत ओढेल. जा. सेफेर तोरा आमच्याच माणसांनी उचलायचा असतो, पण टाळ्या वाजवायला आणि फेऱ्यात चालायला सगळ्यांना मुभा आहे. मुलांच्या खिशांना चेन असेल असे कपडे घाला, कारण सातव्या फेऱ्यापर्यंत चॉकलेटं मावेनाशी होतात. संध्याकाळी सातच्या आत पोचा, त्यानंतर तेब्याजवळ उभं राहायला जागा मिळत नाही.